बांधावरची दोन बोटं

"अंगठा वाचेल. शेवटची दोन बोटं काढावी लागतील," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या डाव्या पायावर परत फडकं टाकलं. मी विचारलं, "मग मॅरेथॉनचं काय?" मार डोक्यालाही लागलाय की काय, अशा नजरेने ते माझ्याकडे बघत राहिले.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉप खात्यात होतो. डाय, म्हणजे पत्रा दाबायचा लोखंडी साचा, बदलताना साखळी घसरली आणि तो पायावर आला. पुढे गँगरीन झालं, म्हणजे रक्त न पोचल्याने मांस मरायला लागलं. बोटं काळी पडली होती.

कंपन्यांच्या शर्यतींत मी पाच-दहा मैल पळायचो. त्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर, पळायची ठरवली होती आणि सगळ्या शॉपला सांगूनही बसलो होतो. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली गत.

अॅम्प्युटेशन झालं, म्हणजे बोटं कापली. भूल उतरली तेव्हा आबा, माझे वडील, खाटेशी नव्हते. संध्याकाळी आले. "चऱ्होलीला शेतावर जाऊन आलो," एवढंच म्हणाले. मला भयंकर राग आला. पोराचा पाय कापलाय आणि यांना शेत सुचतंय!

जखम भरली. बुटात पुढे चिंध्या कोंबून मी आधी चालायला आणि मग डॉक्टरांच्या परवानगीने पळायला लागलो. तेव्हाच ती बोटं परत आली.

परत आली, याला दुसरा शब्द नाही. दिसायची नाहीत, पण होती. एकावर एक चढवून कुणीतरी करकचून बांधून ठेवल्यासारखी. खाजवायला हात जायचा आणि तिथे गादी लागायची. थोडं पळालं की ती गार पडायची आणि कळ मांडीपर्यंत चढायची. तापलेल्या डांबरावर बाकीची बोटं भाजत असायची आणि ही दोन गारठलेली. मी पार भ्यालो. वेड लागतंय असं वाटून कुणाला बोललो नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा मूर्खपणा करू नका. सरळ डॉक्टरांना सांगा.

मी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "याला फॅन्टम पेन म्हणतात. अवयव जातो, पण मेंदूला ते पटत नाही. त्याच्या लेखी बोटं अजून आहेत."

"मग ती बांधलेली का आहेत?"

त्यांनी पाय उलटसुलट करून पाहिला. "कळ थांबली नाही, तर मॅरेथॉन विसरा," ते म्हणाले. हे ऐकून मला बोटं कापली त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

त्या दिवशी जेवताना घरी सांगून टाकलं. आबांचा घास हातातच राहिला.

"बांधल्यावानी? कशानं?"

"चिंधीनं. गाठ मारून."

आबा उठले आणि हात धुवून बाहेर गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. आबांनी भाकरी टाकलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आळंदी रस्त्याला पळत होतो. कळ नेहमीसारखी चढत होती. एका वळणावर ती थांबली. कमी झाली नाही, थांबली. बोटं सुटी झाली, मला ती हलवता येत होती. मी भर रस्त्यात उभा राहिलो. मागून आलेल्या ट्रकवाल्याने शिवी हासडली.

मी घरी आल्यावर बऱ्याच वेळाने आबा आले आणि मोरीपाशी बसून नखांतली माती काढायला लागले. तेव्हा बोलले. दवाखान्यातून बोटं त्यांनीच मागून नेली होती.

"अंगाचा तुकडा उकिरड्यावर टाकायचा न्हाई. आपल्या मातीला द्यायचा. बांधावर दिला. पर फडकं सोडून बघायचं धाडस न्हाई झालं. तुझी बोटं व्हती ती. गाठीसकट पुरली."

आमच्याकडे माणूस गेला की कमरेचा करदोडासुद्धा तोडतात, गाठ मागे ठेवत नाहीत. आबांच्या हातून एवढंच चुकलं होतं.

"चिंधी कुजली व्हती. गाठ तशीच व्हती," ते म्हणाले. "आज सोडली."

किती वाजता, हे मी विचारलं नाही. तांब्या घेतला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

"छान! नसा भरल्या की थांबतं हळूहळू," कळ गेल्याचं ऐकून डॉक्टर म्हणाले. असेलही. त्यांनी माझा पाय वाचवला, त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही.

मॅरेथॉनला बरंच अंतर बरं गेलं. मग ऊन चढलं, जखमेच्या शिवणीवर आग व्हायला लागली. शेवटी रस्त्याच्या कडेला बसलो आणि बुटाची नाडी सोडली. संपलं, असं मोठ्याने म्हणालोसुद्धा.

आणि त्या दोन बोटांवर पाणी पडलं. फक्त त्या दोन. वरून सावकाश कुणीतरी धार धरल्यासारखं. बुटात हात घालून पाहिलं, आत कोरडं ठाक. आग विझत गेली. मी नाडी बांधली आणि उठलो. पोचलो तेव्हा माझ्या मागे फारसं कुणी उरलं नव्हतं, पण पोचलो.

आबा बघायला आले नव्हते. घरी आल्यावर विचारलं, कुठे होतात?

"बांधावर. म्हनलं, एवढं पळतंय पोरगं, बोटं तापली आसतील. कळशीभर पानी वतून आलो."

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

आबा आता नाहीत. मी अजून पळतो. कडक उन्हात कधीतरी ती दोन बोटं अचानक ओली होतात. पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरलो होतो. आता जरा थांबतो आणि म्हणतो, "बास आबा, पोचलं."