आण्णांचा काळा गूळ आणि माझा पिवळा फोटो

"पावणं, ह्यो कुणाचा गूळ?"

कोडोलीच्या गुऱ्हाळावर मगदूम आण्णांनी फोन माझ्या नाकाजवळ आणला. तीन महिने ते मला साहेब म्हणत होते. वेबसाइट सुरू व्हायला पाऊण तास उरला असताना माझा एकदम पाव्हणा झाला.

"तुमचाच की, आण्णा."

"माझा काळा हाय. ह्यो हळद लावल्यागत दिसतोय."

मी मंगळवार पेठेत वेबसाइट बनवतो. वीस वर्षं झाली, तरी आई शेजारणींना 'पोरगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो' असंच सांगते. काम तसं समजायला सोपं आहे. डोमेन म्हणजे दुकानाचा पत्ता. होस्टिंग म्हणजे दुकानाची जागा. मग आत फळ्या ठोकायच्या, माल मांडायचा आणि शटर वर करायचं. त्याला आम्ही ऐटीत लाँच म्हणतो.

माल मांडताना मी शहाणपणा केला. आण्णांची सून सुप्रिया हिनं पाठवलेला गुळाचा फोटो मला अंधारलेला वाटला. आदल्या दिवशी मी ब्राइटनेस चढवला, थोडा पिवळा रंग ओतला. गूळ लखलखला. बायकोला दाखवला. ती म्हणाली, "छान आहेत. पेढे आहेत का?" मी तेही कौतुकच समजलो.

पिवळ्या गुळाची भानगड आण्णांनी मला तिथंच, रसाच्या मोठ्या कढईच्या, म्हणजे काहिलीच्या वाफेत उभं करून सांगितली. रस उकळताना पावडर टाकली की गूळ पिवळाधमक होतो, बाजारात उठून दिसतो. आण्णांनी ती पावडर कधीच बंद केली होती. गूळ काळपट झाला आणि बाजारातल्या लिलावात, सौद्यात मागं पडायला लागला. पण पुण्या-मुंबईची माणसं फोनवर तोच मागवू लागली, निव्वळ आण्णांच्या शब्दावर. त्या सगळ्यांना सुप्रियानं मेसेज धाडला होता, 'अकरा वाजता आमची वेबसाइट बघा.'

"आता त्यास्नी काय वाटंल?" आण्णा म्हणाले. "म्हातारा पावडर टाकाय लागला. एवढ्या वर्सांचं नाव तुमच्या एका फोटूत जातंय."

"बाराला करूया का?"

"अकरा सांगितल्यात नव्हं? मग अकराच."

सुप्रियानं एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, उचलून दारातल्या उन्हात आणला आणि फोडला. आतला गूळ गडद तपकिरी, रवाळ होता.

"दादा, माझा हात येतोय फोटोत."

"येऊ दे."

मी फोटो काढला. एडिटिंगचं बटण दिसलं, त्याला हात लावला नाही. जुना फोटो काढून त्या जागी हा चढवला. "झालं," म्हणालो आणि घाम पुसला.

आण्णांनी आपला फोन पुढं केला. पिवळाच.

"बदललाय, आण्णा."

"कुठं बदललाय? डोळं हायत मला."

सुप्रियाच्या फोनवरही पिवळा. मी फोन बंद करून चालू केला. वीस वर्षांच्या अनुभवानंतर पहिला उपाय हाच सुचला.

"हे तर मलाबी येतंय," आण्णा म्हणाले.

अकराला नऊ मिनिटं होती. मी काहिलीकडे पाठ करून खाली बसलो, तेव्हा डोकं चाललं. पान झटकन उघडावं म्हणून सर्व्हर आणि फोन दोघंही फोटोची तयार प्रत जवळ ठेवतात. तिला कॅशे म्हणतात. नवा फोटो मी जुन्याच फाइलच्या नावानं चढवला होता. नाव तेच, म्हणजे फोटोही तोच, असं समजून ते बिचारे कालची प्रत दाखवत होते. ऑफिसात नव्यानं लागलेल्या पोरींना हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो, तेही जरा ओरडून.

फाइलला नवं नाव दिलं, पानावर ते जोडलं, सर्व्हरवरच्या जुन्या प्रती पुसल्या. सुप्रियानं पान पुन्हा उघडलं. तिचा हात दिसला आणि हातात काळा गूळ. आण्णांनी चष्मा लावून पाहिलं, स्क्रीनवर बोट फिरवलं.

"ह्यो आमचा."

त्यांना विचारून फोटोखाली एकच ओळ टाकली, 'यात काही घालत नाही, म्हणून रंग असा आहे.' बरोबर अकराला नारळ फुटला आणि मी शटर वर केलं.

थोड्याच वेळात सुप्रिया ओरडली, "मामंजी, ऑर्डर!" नाशिकच्या एका बाईंनी पाच किलो मागवला होता. सोबत लिहिलं होतं, 'फोटो बघून विश्वास बसला. अगदी असाच काळा पाठवा.' आण्णांनी तो मेसेज सुप्रियाला वाचायला लावून आधी स्वतः ऐकला, मग काहिलीजवळ गूळ रांधणाऱ्या गुळव्याला ऐकवायला लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं. मी तिन्ही वेळा कान देऊन ऐकलं.

वेबसाइट आजही तोच फोटो दाखवते. नव्या गिऱ्हाइकाला माझी कामं दाखवताना मी पहिलं तेच पान उघडतो. ते फार चांगलं दिसतं, हे मी स्वतःच सांगतो. कुणी सांगेपर्यंत थांबत नाही.

तीन महिने मी त्या गुळाची पानं मांडली, वजनं भरली, रंग सुधारला आणि खाल्ला मात्र पहिल्यांदा त्या दिवशी, सुप्रियानं फोडलेल्या रव्यातला. आता काम हाती घेतलं की आधी माल चाखतो, मगच कॉम्प्युटर उघडतो. सध्या लोखंड ओतणाऱ्या एका फाउंड्रीचं काम चालू आहे. तिथं नुसता हात लावून बघतो.