आमच्या घरचा मिस्त्री

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ती जुनी गाडी आमच्या अंगणात आली. एका नातलगानं स्वस्तात गळ्यात मारली. मग काय, इचोड्याला निघालं की अर्ध्या रस्त्यात बंद! दर वेळी मिस्त्री खिसा रिकामा करायचा. शेवटी आमचे हे भडकले. "त्याचं घर आपून काऊन भरायचं?" म्हणाले, अन् कचेरीतून रिटायर झालेला माणूस मोबाइलवर पाहूपाहू, हातात पाने घेऊन बॉनेटखाली शिरला. मी खूप हसले. "आधी मोरीतला नळ दुरुस्त करा," म्हटलं. पण दोनेक वर्षांत हे असे तयार झाले, की मिस्त्रीचे पैसे वाचून पोरीच्या लग्नाच्या खर्चाला तेवढाच हातभार लागला.

मग हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग आपली गल्ली, मग पोरीचं नाव. डॉक्टर म्हणाले, जे येतं त्यातच गुंतवून ठेवा, डोकं चालतं राहील. त्यांचे हात तर थरथरायचे. म्हणून काम माझं अन् सांगणं त्यांचं. रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकायची, मी पदर खोचायचा, अन् ह्यांनी ओरडायचं, "अवं, ते नाही! काळी वायर पयले काढ!" जन्मभर शाळेत मी पोरांवर ओरडले, माझ्यावर ओरडणारा माणूस हा एकच.

शिकले हो मी. प्लग, फिल्टर, बॅटरी, सगळं यायला लागलं. पण यांना कळू दिलं नाही. मला येतं म्हटल्यावर हे सांगणार कोणाला? म्हणून मुद्दाम चुकायची. फिल्टर उलटा बसवायची, भलत्याच नटाला पाना लावायची. हे कपाळावर हात मारायचे, "तुले मास्तरीण कोणं केलं वं!" अन् मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! हे चूक पकडतात तोवर माझ्यापाशी आहेत, असं मी मनाशी धरून बसले होते.

गेल्या हिवाळ्यात बारीक चुका त्यांना दिसेनाशा झाल्या. मी मोठ्या करायला लागले. एका रविवारी तर काही केलं तरी हे गप्पच. मी रेडिएटरच्या पाण्याची बाटली उचलली, इंजिन ऑइलचं झाकण उघडलं अन् बाटली तिथं धरली. तिथं पाणी गेलं की इंजिन खलास, हे यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलेलं.

"अवो, पाणी इथंच टाकू ना?"

त्यांनी वाकून नीट पाहिलं. ओरडा बाप्पा, एकदा ओरडा, मी मनात म्हणत होते.

"टाक, बराबर हाय," हे म्हणाले. मग कौतुकानं हसले. "शिकली तू. आता मले काई सांगा लागत नाही."

मी बाटली खाली ठेवली, झाकण घट्ट लावलं अन् बॉनेटआड तोंड करून रडले. खुर्चीवरून हे विचारत होते, "काऊन वं, सुरू नाही होऊन राह्यली काय?"