बुरशीचं विरजण

माझ्या सासूबाईंच्या लोणच्याला उभ्या आयुष्यात कधी बुरा आला नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि राजुरीच्या शिवारात कुणाची छाती नव्हती त्यांना खोटं पाडायची. बरणीला हिंगाची धुरी द्यायची, फडकं उकळून वाळवायचं, आणि हाताला पाण्याचा थेंब असेल तर बरणीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मला कळलेला पहिला कायदा हाच. आणि त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात मी बुरशी वाढवली. चुकून नाही, मुद्दाम, पिशव्या भरभरून. आज पन्नाशी ओलांडली तरी हे सांगताना माझी मान ताठ होते. होऊ द्या.

पण आधी मामांचं सांगायला हवं. मामा म्हणजे माझे सासरे. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा आमच्या ओढ्याकडच्या उसात हुमणी शिरली. ही जमिनीतली पांढरी, वाकडी, जाडजूड अळी उसाच्या मुळ्या खाते. वरून ऊस नुसता पिवळा दिसतो, ओढून पाहिला की अख्खं बेट हातात येतं. मामांनी तिच्यासाठी फोरेट आणलं, दाणेदार विष. पाटीत घेऊन, उघड्या हाताने, बी पेरावं तसं ते पेरत गेले, आणि तेही उपाशीपोटी. दुपारी बांधावर कोसळले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. माझा नवरा बाहेरगावी कारखान्यात, गुरुवारच्या सुट्टीलाच घरी यायचा; शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून आळेफाट्याला दवाखान्यात नेलं, म्हणून मामा वाचले. डॉक्टरांनी बजावलं, "बाबा, पुन्हा या विषाला हात लावलात तर माझ्याकडे आणूनही उपयोग होणार नाही."

मामा घरी आले, पण उरलेलं अर्धं पोतं गोठ्याच्या माळ्यावर तसंच राहिलं. फेकून द्या म्हटलं की म्हणायचे, "आन् हुमणी फिरून आली मंजी? ऊस काय तिला आंदण द्यू?" त्या दिवसापासून आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, एक सवय लागली. मामा शेतातून आले की पाण्याचा तांब्या देताना त्या त्यांचे हात धरून नाकाजवळ घ्यायच्या. फोरेटला उग्र घाण वास असतो, साबणानेही तो लवकर जात नाही. मामा चिडायचे. आत्या वास घेऊन चुलीकडे वळायच्या.

पुढच्या वर्षी वळीव झाला आणि तिन्हीसांजेला बांधावरच्या कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे घोंघावायला लागले. हेच भुंगेरे जमिनीत अंडी घालतात आणि त्यांचीच पुढे हुमणी होते. मामांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग गोठ्याच्या माळ्याकडे.

मी ओतूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. आमच्या बाईंनी तेव्हा किडे मारणाऱ्या एका बुरशीविषयी शिकवलं होतं. ती हुमणीच्या अंगावर रुजते, कातडीतून आत शिरते, अळी मरून कडक होते आणि तिच्यावर हिरवा थर चढतो. मी बाईंना गाठलं. त्यांनी कुठूनशी खटपट करून त्या बुरशीची एक बाटली मिळवून दिली आणि म्हणाल्या, "हे विरजण समज. अर्धवट शिजवलेल्या तांदळाला लाव."

बाटली घेऊन मी मामांसमोर उभी राहिले. "मामा, गणपती बसेपर्यंत मला द्या. तोवर माळ्यावरच्या पोत्याला हात लावायचा नाही."

"आन् न्हाई मेली हुमणी तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

बोलून बसले. आत्या भाकरी थापत होत्या, त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांच्या दृष्टीने मी त्यांच्या नवऱ्याचा जीव पैजेवर लावला होता, आणि त्यांचं काही चूक नव्हतं.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. आमच्या चुलत दिरांची द्राक्षबाग होती. ते दारात उभे राहून हसले. "वयनी, आमी द्राक्षावरची बुरशी मारून मारून दमलो, आन् तुमी घरात तिची पैदास करताय? लई शिकल्या राव!" मी म्हटलं, "भाऊजी, दारात आलेला प्रत्येक पाव्हणा चोर नसतो." माझ्या तोंडाला कुणी लागत नसे ते उगाच नाही.

तांदूळ पिशव्यांत भरला, तोंडाला कापसाचे बोळे लावले, कुकरमध्ये वाफवला, निवल्यावर विरजण लावलं आणि पिशव्या धान्याच्या कोठीमागे अंधारात ठेवल्या. आठवड्याभरात पांढरी लव दिसायला लागली. मी खूश होऊन आंबेगाव तालुक्यात माहेरी एका लग्नाला गेले. परत आले तर अंगणात बाज, बाजेवर धुतलेलं धोतर आणि त्यावर रणरणत्या उन्हात माझा तांदूळ. कुरडया परताव्यात तसा आत्या तो हाताने परतत होत्या.

"बरी आलीस," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुजा तांदूळ वल्ला ऱ्हायला व्हता गं, बुरा धराय लागलेला. म्या चांगलं कडक ऊन दावलं. आता काय व्हत न्हाई त्याला."

ऊन म्हणजे त्या बुरशीचं मरण. मी जी भडकले, त्या भरात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्या बाजेच्या कडेला बसल्या. जरा वेळाने हळूच विचारलं, "म्या मारलं का गं त्याला?" आणि पदर डोळ्यांना लावला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या तांदळावर माझ्याइतकीच त्यांचीही आस होती. पापड, डाळ, शेवया, घरातली जपून ठेवायची प्रत्येक वस्तू त्या उन्हात घालायच्या. हा तांदूळ म्हणजे मामांना विषापासून वाचवणारं औषध, तोही त्यांनी तसाच जपला होता. माझा राग जागच्या जागी विरला.

बाटलीत थोडं विरजण शिल्लक होतं. मी आत्यांच्या शेजारी बसले. "आत्या, हे उलटं लोणचं आहे बघा. लोणच्यात कुठलीच बुरशी येऊ द्यायची नसते. यात एकच येऊ द्यायची, बाकी सगळ्या बाहेर. ऊन दाखवायचं नाही. पण धुणं-पुसणं, कोरडे हात, सगळं तुमचंच."

आत्यांनी डोळे पुसले आणि उठल्या. "मंग कूकर आदी घासाय पायजे."

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी घेतला. फडकी उकळली. ओटा पुसून कोरडा केला. विरजण लावताना दार बंद, तोंडाला पदर, बोलायला बंदी. पुढे काही वर्षांनी गावोगावच्या बाया हे काम शिकायला आमच्या ओसरीवर यायच्या, तेव्हा आत्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "हात वल्ला आसंल ती बाहीर!" मी विज्ञान सांगायचे, त्या शिस्त लावायच्या. आमच्या दोघींसारखी जोडी सासर-माहेरच्या दोन्ही तालुक्यांत नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते.

या खेपेला तांदूळ आधी पांढरा आणि मग गर्द हिरवा झाला. तो शेणखतात मिसळून सावलीत ओल्या पोत्याखाली मुरवला आणि आषाढात, ऊन उतरल्यावर, आम्ही दोघींनी उसाच्या बुडाशी टाकला. मामा बांधावर बसून बघत होते. मदत केली नाही, पण मोडताही घातला नाही.

श्रावण गेला. ऊस कुठे हिरवा, कुठे पिवळट. मामा रोज बेटं ओढून पाहायचे. आत्या रोज हात हुंगायच्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी मामा एकटेच कुदळ घेऊन उसात गेले. मला बोलावलं नाही. दुपार टळली तरी आले नाहीत. आत्या उंबऱ्यात, मी अंगणात. गोठ्याच्या माळ्यावर मी दोनदा चढून पाहिलं, पोतं जागेवर होतं.

मग वाटेवर मामा दिसले. गेल्या वर्षी याच वाटेने त्यांना जीपमध्ये घालून नेलं होतं, आता ते कुदळ खांद्यावर टाकून चालत येत होते. डोक्यावर टोपी नव्हती, ती हातात होती, ओंजळीत धरल्यासारखी. आत्यांपुढे त्यांनी ती धरली. आत हुमण्या होत्या, खडूसारख्या कडक, काही पांढऱ्या, बाकीच्या हिरव्यागार. सगळ्याच मेल्या नव्हत्या, खोटं कशाला सांगू, पण मेलेल्याच जास्त सापडल्या होत्या.

"घे, तुजा बुरा," मामा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "गुरुवारी पोरगा सुट्टीला आला की त्येला सांग पोतं खाली काढाय. लांब माळावर खोल पुराय सांग. म्या न्हाई हात लावत."

जन्मात लोणच्याला बुरा येऊ न दिलेल्या आत्यांनी ती बुरशीने भरलेली टोपी पदरात घेतली. सवयीने मामांचे हात धरून नाकाजवळ नेले. नुसत्या मातीचा वास होता. मामा या वेळी चिडले नाहीत, हात तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशीपासून आत्या त्यांना पाण्याचा तांब्या नुसताच द्यायला लागल्या.