आधी ढोलकी, मग मी

लग्नाआधी आमच्या ह्यांनी मला पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. तेही कर्ण्यातून. शिरूरला मामेबहिणीच्या हळदीला मी माइकवर ओव्या म्हणत होते आणि हे, दौंडच्या रेल्वेत सिग्नलचे मेकॅनिक, वऱ्हाडाबरोबर आलेले, लिंबावर बांधलेल्या कर्ण्याखाली मान वर करून उभे होते. महिन्याभरात मागणी आली. सगळ्या आळीला वाटलं, पोरगा आवाजावर भाळला. मलाही वाटलं. एकोणिसाव्या वर्षी माणूस किती खुळं असतं. ते भाळले होते कर्ण्यावर, हे कळायला मला दौंडच्या क्वार्टरमध्ये नांदायला यावं लागलं.

क्वार्टर दोन खोल्यांचं. बाहेरची खोली ह्यांच्या कर्ण्याची, आतली माझ्या चुलीची. कर्णा ह्यांनी स्वतः सागवानी फळ्यांचा केला होता, तोंड चांगलं दोन सुपांएवढं. खाली जाड्या आवाजासाठी मोठा स्पीकर, लाकडी पेटीत बसवलेला. आणि कर्ण्याच्या शेपटाला युनिट. युनिट म्हणजे मुठीएवढा लोखंडी डबा, आत लोहचुंबक आणि कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा. तो थरथरतो आणि कर्णा त्याची थरथर मोठी करून सांगतो. "कर्णा कुणीही करील," हे म्हणायचे, "युनिट निवडायला कान लागतो." मांडवातलं युनिट ओरडतं, ते ह्यांना नको होतं. घरातलं युनिट असं हवं की गाणारी बाई समोर सतरंजीवर बसलीय असं वाटावं. गाणारी बाई आत भाकऱ्या थापत होती, पण ते असो.

पुण्याच्या जुन्या बाजारातून, लष्कराच्या भंगारातून, ह्यांनी दोन युनिटं आणली. तिसरं एका बंद पडलेल्या तंबूतल्या सिनेमाचं. तिन्ही फळीवर देवासारखी मांडली. रोज पुसायचे. माझ्या फळीवरची धूळ त्यांना कधी दिसली नाही.

त्याच सुमारास मला पुण्याच्या रेडिओचं पत्र आलं. लोकगीतांसाठी आवाजाची परीक्षा, अमुक तारखेला या, येणार की नाही ते आधी कळवा. अर्ज ह्यांनीच आणून दिला होता, खोटं कशाला बोलू. मी पत्र चार वेळा वाचलं, मग देवापुढं ठेवलं, मग परत उचलून वाचलं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी. हे संध्याकाळी आले, वाचलं आणि म्हणाले, "आधी युनिट ठरू दे. चांगल्या युनिटवर तुझा आवाज कसा येतो ते ऐकू. बरा आला तर जा. उगाच तिथं फजिती नको." मला वाटलं, माझ्याच काळजीनं बोलतायत.

मग दर रविवारी सकाळी परीक्षा. ह्यांचे मित्र मालगाडीवर गार्ड होते, ते यायचे. मी त्यांना भावजी म्हणायची. दोघं कर्ण्यासमोर खुर्च्या टाकून बसायचे, भावजींच्या मांडीवर वही. आधी लावणीची तबकडी लावायची, सगळा आवाज सोडून, युनिट मोकळं व्हावं म्हणून. ढोलकीचा ठोका पडला की मांडणीवरची ताटं नाचायची. ती झाली की माझी पाळी. माइक घेऊन मी मागच्या खोलीत आणि मधलं दार घट्ट लावलेलं, कारण दार उघडं राहिलं की कर्णा शिट्टी मारतो. त्यामुळं माझा आवाज कसा येतोय हे मला कधी ऐकूच आलं नाही. मला ऐकू यायचा तो निकाल.

"फाटतोय," पहिल्या रविवारी हे दारापलीकडून म्हणाले. "वरच्या सुराला चिरा पडतात."

दुसऱ्या रविवारी दुसरं युनिट. भावजी म्हणाले, "राखेनं पितळ घासल्यागत येतंय, वहिनी. राग मानू नका." आणि दोघं हसले. तिसऱ्या रविवारी कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

मी लोणचं सोडलं. ज्येष्ठमध चघळून जीभ बधिर केली. पहाटे नळावर पाणी भरताना, शंटिंगच्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून, तिथंच गळा घासायचे. तीन युनिटं, तीन वेगवेगळ्या ठिकाणची, आणि तिन्हींवर माझाच आवाज फाटतो, तर खोट कुणात असणार? हे रागावले असते तर मी कडाकडा भांडले असते. पण हे समजुतीनं बोलले. म्हणाले, "मांडवात खपून जातं गं. बायका गोंगाटात ऐकतात. चांगल्या कानापुढं नाही टिकत."

पत्राचं उत्तर त्यांनीच लिहिलं, सुरेख अक्षरात. घशाच्या विकारामुळे उपस्थित राहू शकत नाही. खाली सही माझी. "बाजारात चाललीच आहेस तर पेटीत टाक," म्हणाले. मी टाकलं. रडले नाही. मला नुसती लाज वाटत होती, आजवर इतक्या लोकांना फसवलं म्हणून. मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.

त्यानंतर मी गाणं बंद केलं. हे विचारतील असं वाटलं होतं, पण ह्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

परीक्षेची तारीख उलटून दोन महिने झाले असतील. मी माहेरी निघाले, तर हे तिन्ही युनिटं पिशवीत घालून बरोबर. शिरूरला लाउडस्पीकर भाड्यानं देणारे चाचा होते, माझ्या लहानपणापासूनचे. त्या हळदीत लिंबावर कर्णा त्यांनीच चढवला होता. ह्यांना विचारायचं होतं, एकही युनिट मनासारखं का वाजत नाही.

चाचांनी आधी चहा पाजला. मग स्क्रू काढून पहिलं युनिट उघडलं, पडदा उजेडाकडं धरला. दुसरं उघडलं. तिसरंही. तिन्ही पडद्यांना मधोमध पोचा आणि कडेला बारीक चीर.

"जावईबापू, ह्याच्यावर आधी काय वाजवलं?"

"लावणी. ढोलकी चांगली आहे तिच्यात."

"आन् मधी कंडेन्सर?"

"नाही लावला. कंडेन्सर आवाज खातो."

चाचांनी पडदा खाली ठेवला. "खातो म्हंजी जाडा ठोका खातो, त्याच्यासाठीच तर लावायचा असतो. ही युनिटं बारीक आवाजाची. ढोलकी सोडली तवाच पडदा आत जाऊन आपटला. त्याच्यावर कोण बी गाऊ द्या, फाटूनच येनार. बाईचा आवाज कवा लावला होता?"

"ढोलकी झाल्यावर," हे म्हणाले.

चाचा माझ्याकडं वळले. "पोरी, तुझं रेडिओचं व्हतं ना काय?"

"न्हाई गेले," मी म्हटलं. चाचा खाली बघून स्क्रू गोळा करायला लागले.

आमच्या ह्यांचा चेहरा मात्र असा फुलला की काय सांगू. परतीच्या एसटीत, चौफुला येईस्तोवर, तोंड मिटलं नाही त्यांचं. "बघ, म्हणजे दोष तुझ्या आवाजात नव्हताच," म्हणाले, आणि ते अशा थाटात, की मला लुगडंच घेतलंय. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मग त्यांना परत पत्र लिहा," मी म्हटलं.

"कुणाला?" हे म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

येताना चाचांनी स्वतःजवळचं चौथं युनिट दिलं होतं, कंडेन्सर जोडून. पुढच्या रविवारी भावजी आले, वर सिग्नल खात्यातले आणखी दोघं. लावणी झाली. मांडणी हादरली, पण वरचा आवाज काचेसारखा स्वच्छ. मग ह्यांनी आत हाक मारली, "हं, तू."

"काय म्हणू?"

"काहीही. ओवी म्हण नाहीतर नुसतं बोल."

मी पदर खोचला, माइक उचलला आणि मधलं दार पायानं उघडलं. कर्ण्यानं शिट्टी मारली, ह्यांनी बटण जरा मागं घेतलं, शिट्टी थांबली. पहिल्यांदाच मी त्या चौघांना समोर बघत होते. मी सावकाश बोलले. "माझा गळा चांगला होता. ह्या माणसानं माझं वाटोळं केलं. मला ह्यांची शिसारी येते. ह्यांच्या ताटात वाढताना दर वेळी येते."

माझाच आवाज मला ऐकू आला, इतका गोड, इतका सुटा, की मीच दचकले. बाहेर रुळांपर्यंत गेला असेल. भावजींनी वहीत मान घातली. ते दोघं एकमेकांकडं बघेनात.

हे डोळे मिटून बसले होते, कान कर्ण्याकडं, एक हात वर धरलेला, कुणी मधे बोलू नये म्हणून.

"हेच," ते म्हणाले. "हेच युनिट ठेवायचं. शिसारीतला श बघा कसा सुटा आला." आणि डोळे न उघडता माझ्याकडं हात केला. "तेच परत एकदा म्हण. जरा लांबून."

मी एक पाऊल मागं सरले आणि परत म्हटलं.