गोणपाट मी काढलं होतं

सकाळी चहा घेत होतो तेव्हा गंगावहिनींचा फोन आला. "अण्णा, हे गेले. दुपारी माती हाय. या." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. रडणं नाही, हुंदका नाही. अकरा वर्षं ज्या बाईनं नवऱ्याला कुशीवर वळवलं, तिच्याजवळ त्या सकाळी रडायला ताकद उरली नसावी. मी एस.टी.नं कुरुंदवाडला गेलो. माझ्या जुन्या मित्राला, बसाप्पाला, त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे मळ्यात बसवून मूठमाती दिली. माझी मूठ सोडून मी मागं सरकलो, तर बांधावर उभे असलेले दोघे हलक्या आवाजात बोलत होते. "माणूस लाखाचा. पण त्या फळीच्या नादानं वाटोळं झालं." दुसरा म्हणाला, "फळीनं न्हवं, शायनिंगनं. पाय घसरू नये म्हणून गोणपाट बांधलेलं, ते फोटोसाठी सोडून ठेवलं म्हणं." मी तिथंच उभा होतो. ओल्या मातीचे हात धोतराला पुसत होतो... आणि अकरा वर्षांच्या सवयीप्रमाणे गप्प राहिलो.

आता सहा आठवडे झाले. माझं वय सत्त्याहत्तर. ते वाक्य तसंच ठेवून मला जाता येणार नाही, म्हणून हे लिहितो आहे.

बसाप्पाचं कोल्हापुरात, शाहूपुरीत दोर, रंग, खिळेमोळे यांचं दुकान होतं. मी उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी साचे करायचो. साच्यांना लागणारा रंग आणि पॉलिश पेपर त्याच्याकडून घ्यायचो, तिथून ओळख. तो मूळचा कुरुंदवाडचा, नदीकाठी वाढलेला. नव्वदच्या दशकात होड्यांच्या शर्यती असल्या की दुकानाला कुलूप लावून गावी पळायचा आणि परतला की हाताचे फोड अभिमानानं दाखवायचा. मी शहरातला, पण पंचगंगेत पोहून मोठा झालेला, त्यामुळे रविवारी सकाळी घाटावर आमची जोडी ठरलेली. तो मला नावानं कधीच हाक मारत नसे. "मिस्त्री, तुझ्या हातात लाकूड दिलं की देव निघतोय बघ, पण पाण्यात तू निव्वळ ओंडका हैस," असं चार माणसांत ओरडून सांगायचा. मग गुडघे गेले. पन्नाशी ओलांडली तसा त्याला होडीत मांडी घालून किंवा उकिडवं बसता येईना. शर्यती बघायला काठावर उभा राहायचा आणि घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही.

दोन हजार सालानंतरचं ते दशक संपत आलं होतं. दुकानाच्या मालासाठी तो गोव्याला गेला आणि परत आला तो थेट माझ्या कारखान्यातच. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. "मिस्त्री, खाडीत एक गोरा बघितला. लांबडी फळी, तिच्यावर सरळ उभा, आणि हातात उंच वल्हं. उभ्याउभ्या वल्हवत हुता मर्दा! गुडघा वाकवायचं कामच न्हाई." त्याला संथ पाण्यावरून लांब जायला जमेल अशी फळी हवी होती. मनात बेतही ठरला होता. हिवाळ्यात बंधाऱ्यांना पाणी अडवायचे बरगे घातले की पंचगंगा तळ्यासारखी निवांत पडते. तेव्हा कोल्हापूरहून निघायचं, वाटेतल्या पाहुण्यांकडे मुक्काम करायचा आणि तिसऱ्या दिवशी कुरुंदवाडच्या घाटाला उभ्यानं लागायचं. "जिथनं होडीत बसून निघालो हुतो, तिथं उभा राहून जातो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी थट्टा केली नाही, एवढं एक त्या दिवशी बरं केलं.

आम्ही दोघं गोव्याला गेलो. तो परदेशी माणूस गाशा गुंडाळून मायदेशी निघाला होता आणि त्याच्याकडे दोन फळ्या होत्या. एक साडेअकरा फुटांची, तेहतीस इंच रुंद, पुढून बोथट. दुसरी चौदा फुटांची, जेमतेम सत्तावीस इंच रुंद, नाक होडीसारखं पाणी कापणारं. दोन्ही खाडीत घालून बघितल्या. रुंद फळीवर बसाप्पा पहिल्याच दमात उभा राहिला आणि पलीकडच्या खांबापर्यंत जाऊन आला. अरुंद फळीवर तो तीनदा पडला. त्या गोऱ्याच्या हाताखालच्या माणसानं स्वच्छ सांगितलं, "पहिलीच आहे ना? मग रुंद घ्या. तुमचं वजन आहे, वर सामान असणार. लांबटी पळते खरी, पण ती शिकलेल्या माणसाची. आधी उभं राहायला शिका, वेग नंतर बघा." बसाप्पानं मान हलवली. त्याला रुंद फळीच आवडली होती. पण माझी नजर त्या लांबटीवरून हटत नव्हती. आमच्या धंद्यात साचा चांगला कशाला म्हणतात, तर वाळूत दाबून वर उचलला की वाळूची कड न दुखावता जो अलगद सुटतो त्याला. त्यासाठी त्याच्या अंगाला सगळीकडून बारीक उतार लागतो. तसा उतार त्या फळीला नाकापासून शेपटीपर्यंत होता. चाळीस वर्षांत माझ्या हातून अशी रेघ निघाली नव्हती. माणूस तिच्यावर उभा राहणार आहे हे मी विसरलोच. "ती रुंद म्हणजे म्हैस आहे," मी म्हणालो. "म्हशीवर उभा राहून गावात जाणार काय? लोक हसतील." तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "तुझी नजर हाय मिस्त्री. तू म्हणतोस तर लांबडी." फळी अशी निवडली गेली. ती मी निवडली, हे पहिलं सांगायचं.

फळीवर पाय ठेवायच्या जागी रबराचं खरखरीत अंथरूण होतं, ते जागोजाग सुटलेलं. मी ते सगळं खरवडून काढलं. खड्डे भरले, आठ दिवस पॉलिश पेपर मारला आणि फौंड्रीतल्या साच्यांना देतो तसा लाल रंग चढवून वर व्हार्निशचे हात दिले. फळी आरशासारखी झाली. बसाप्पा बघायला आला, तळवा फिरवला आणि म्हणाला, "झ्याक झालंय. पण पाय कुठं ठरायचा? व्हार्निश ओलं हाय तवर मूठभर वाळू मार की. आमच्याकडं होडीत डांबरावर वाळू मारत्यात." मला ते लागलं. साच्याला वाळू चिकटली की ओतकाम बिघडतं. वाळू चिकटवणारा मिस्त्री म्हणजे आमच्यात लाज. मी म्हणालो, "वाळू चिकटू नये म्हणून जन्म घालवलाय मी. माझ्या हातानं वाळू टाकू?" तो क्षणभर थांबला. "ऱ्हाऊ दे. तुझी इज्जत हाय ती." दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातलं गोणपाट कापून फळीच्या मधोमध सुतळीनं करकचून बांधलं. पडत धडपडत, पण रोज पहाटे नदीवर जाऊन, महिन्याभरात तो त्या गोणपाटावर पाय रोवून सरळ उभा राहायला शिकला. मला मात्र ते गोणपाट डोळ्यांसमोर नको व्हायचं. नव्या नवरीच्या अंगावर पोतं टाकावं तसं वाटायचं.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी तो निघणार होता. उद्यमनगरातले पाच-सात कारागीर घाटावर आले होते, एकानं कॅमेरा आणला होता. बसाप्पा गंगावहिनींशी बोलायला पायऱ्या चढून वर गेला. मी खाली फळीजवळ एकटा. कारागीर उतरत होते आणि माझं काम पोत्याखाली झाकलेलं होतं... मी खिशातला चाकू काढला, सुतळी कापली आणि गोणपाट पायरीच्या मागं टाकलं. बसाप्पा आला, फळी बघितली. "मिस्त्री, गोणपाट कुठं?" मी म्हणालो, "पार कुजलं होतं. भिजून जड झालं असतं." ते खोटं होतं. चांगलं कोरडं, धडधाकट गोणपाट होतं. मागं सगळे "नादखुळा! नादखुळा!" करत होते. फोटो निघाला. तो निघाला. वळणापर्यंत तो खरोखर देवळातल्या मूर्तीसारखा ताठ उभा होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

मी स्कूटरवरून काठाकाठानं जात होतो. बंधारा आला की फळी उचलून पलीकडच्या पाण्यात नेऊन घालायला मदत करायची, असं ठरलेलं. पहिला बंधारा नीट पार पडला. दुसऱ्याशी पाण्यावर जलपर्णी दाटली होती. तिच्यातून फळी रेटत तो दगडी काठाला आला. पाय भिजलेले होते. वल्हं काठाला टेकवून त्यानं फळी थांबवली, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि ओरडला, "मिस्त्री, धर की नाक!" मी दहा पावलांवर होतो. त्याचे दोन्ही पाय एकदम पुढं सरकले आणि तो पाठीवर दगडाच्या कडेवर आदळला. आवाज फार मोठा झाला नाही. मी त्याला धरलं तेव्हा तो शुद्धीत होता. "पाय पाण्यात हायत काय रं?" त्यानं विचारलं. पाय दगडावर होते. उसाच्या फडातून माणसं धावत आली. त्याला न्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याच फळीवर निजवला, दोरानं बांधला आणि चौघांनी खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणला. माझ्या लाल रंगावर तो आकाशाकडे तोंड करून पडला होता आणि मी शेजारी त्याचा हात धरून चालत होतो.

मणका मोडला होता. कमरेखाली काही उरलं नव्हतं. दवाखान्यात चौथ्या दिवशी गंगावहिनींनी विचारलं, "गोणपाट बांधलेलं न्हवं? मी सोता सुई-सुतळी दिलेली. कुणी काढलं?" मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. तोंड उघडलं, तेवढ्यात बसाप्पा म्हणाला, "मी काढलं. फोटो काढत हुते." वहिनींनी कपाळावर हात मारला. "या वयात शायनिंग!" तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही बोललो नाही. एका दमात सांगून टाकायची गोष्ट होती, ती त्या दिवशी राहिली, ती राहिलीच.

दुकान बंद झालं आणि ते दोघं कुरुंदवाडला गेले. मी दर पंधरवड्याला जायचो. वहिनी त्याला पुसताना, भरवताना, पाठीच्या जखमा धुताना बोलायच्या, "फोटो पाहिजे हुता न्हवं? घ्या आता." तो ऐकून घ्यायचा आणि मला म्हणायचा, "मिस्त्री, पान आणलंस काय?" एकदा वहिनी बाहेर गेलेल्या बघून मी म्हणालो, "आज सांगतो त्यांना." त्यानं माझं मनगट पकडलं. हातात अजून वल्ह्याची ताकद होती. "सांगू नको. ती तुला उंबऱ्यात उभा करायची न्हाई. मग माझ्यासंगं बोलायला कोण येणार? गावातली चार दिस आली, आता कोण येतंय?" मी मान हलवली. त्याला माझी सोबत हवी होती हे खरं आहे. पण त्याच्या बोलण्यानं मला सुटल्यासारखं वाटलं, हेही तितकंच खरं, आणि तेच जास्त लाजिरवाणं आहे. त्याच्या एकटेपणाचा आडोसा करून मी अकरा वर्षं चांगला मित्र म्हणून त्या घरात चहा पीत राहिलो.

दिवसकार्य झाल्यावर मी गेलो आणि सांगितलं. फळी मी निवडली, वाळू मी टाकू दिली नाही, गोणपाट मी कापलं. वहिनी त्याच्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, चादरीची घडी करत. घडी पूर्ण केली. मला वाटलं, शिव्या देतील. ते सोपं झालं असतं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी त्यास्नी बोलले. अंगावर पाणी घालताना बोलले. शेवटच्या दिवशी सकाळीबी बोलले. आता ते शब्द मी कुठनं माघारी घिऊ?"

त्यांनी चादरीची घडी उशाशी ठेवली.

"आणि एकट्या मला सांगून काय उपेग? साऱ्या गावाला मीच सांगितलंय न्हवं, शायनिंग मारायला गेले म्हणून. आता तुम्ही सांगा साऱ्यास्नी. तुमच्या नावानं सांगा."

ते मी आज करतो आहे. बसाप्पानं कुणाला दाखवायला काही केलं नाही. त्याला फक्त घरच्या घाटाला उभ्यानं लागायचं होतं.

त्या दिवशी निघताना खोलीवर नजर फिरवली. पलंगाच्या वर तुळईला बांधलेला जाड दोर अजून तसाच लोंबत होता, दुकानातला शेवटचा. तो धरून बसाप्पा दिवसातून वीसदा स्वतःला उचलून बसता व्हायचा. धरायच्या जागी त्यानं एकावर एक तीन गाठी मारल्या होत्या. त्या हाताच्या घामानं काळ्या, गुळगुळीत झालेल्या. वहिनी उठायला लागल्या. त्यांचेही गुडघे आता धरतात. मी हात पुढं केला. त्यांनी तो बघितला, घेतला नाही. वर हात नेऊन त्याच गाठी धरल्या आणि सावकाश उभ्या राहिल्या.