यादीतून खोडलेलं विद्यापीठ

“अरे, तू आलास? बरं झालं. बैठकीतला कूलर पाणी ओढत नाहीये. बाजूने जा, बघ जरा.”

हे सर माझ्या बाबांना म्हणाले. जबलपूरच्या मदन महल भागातल्या त्यांच्या बंगल्याच्या दारात, रविवारी सकाळी. बाबा फाटकाशी स्कूटर लावून माझ्या मागून येत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. पालकांना घेऊन ये असा सरांचा निरोप होता, म्हणून ऐन मे महिन्यात दुकान बंद ठेवून आले होते. सरांनी त्यांना ओळखलं. दोन वर्षांपूर्वी बाबांनीच त्या घरी कूलरची मोटर बदलली होती. मग सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “ये बेटा, तू आत ये.”

बाबा जागीच थांबले. माझ्याकडे बघत राहिले. हे माझे वडील आहेत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी चपला काढल्या आणि आत गेले.

“हो जी, बघतो,” बाबा मागून म्हणाले. पाने-पेचकस त्यांच्या डिक्कीत कायमच असतात.

सर निवृत्त अधिकारी. बारावी झालेल्या मराठी मुलांना कुठे शिकायला जावं हे ते सांगतात, फुकट सांगतात. मला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणारी पदवी करायची होती. कुणाच्या कामाला मान आणि कुणाच्या कामाला नुसती मजुरी, हे ठरवतं कोण, हा माझा जुना प्रश्न. त्या सकाळी सरांच्या सोफ्यावर बसून ते मीच ठरवत होते.

माझ्या यादीत तीन विद्यापीठं होती. दोन खाजगी, एक दिल्लीजवळचं आणि एक पुण्याकडचं. तिसरं सरकारी, दक्षिणेतलं. सरांनी यादीकडे बघितलंच नाही. आधी आडनाव विचारलं.

जबलपुरात हिंदीवाल्यांना आमच्या आडनावातलं काही कळत नाही. मराठी माणसाला मात्र ऐकताक्षणी सगळं कळतं. म्हणून मला शाळेत घालताना बाबांनी आमचं खरं आडनाव काढलं आणि विदर्भातल्या गावाच्या नावाला ‘कर’ लावून लिहिलं. आपल्याच भाषेच्या लोकांपासून लपायची ही सोय होती. मी तेच सांगितलं.

“अच्छा, म्हणजे आपल्यातलेच,” सर म्हणाले. “आणि वडील?”

कूलर त्याच खोलीच्या खिडकीत होता. जाळीपलीकडे बाबांचं डोकं दिसत होतं. कूलरमधली जुनी खस, वाळ्याचं गवत, उपटून काढत होते.

“इंजिनियर आहेत,” मी म्हणाले. “भोपाळला असतात.”

खस उपटायचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

सर एकदम मोकळे झाले. तुझ्यासारख्या मुलींनीच हे शिकायला हवं, म्हणाले. मग यादी पुढे ओढून त्यांनी तिसऱ्या नावावर लाल रेघ मारली. “इथे नको. अर्धा वर्ग कोट्यातला. त्यांना नोकरी हवी असते, विचार नको असतो. तत्त्वज्ञानाची चर्चा करणार कुणाशी?” ते हसले. मीही हसले. तोंडदेखलं नाही, चांगलं मोकळेपणी हसले. अजून ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

परतताना बाबांनी स्कूटर थेट गढ्याच्या बाजारात, आमच्या दुकानापाशी आणली. दुकानाचं शटर उचलताना म्हणाले, “मी सांगितलं असतं बेटा. पण तू सांगशील म्हणून थांबून राहिलो होतो.”

रागावले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, आडनाव तुम्हीच बदललं ना, असं तोंडावर म्हटलं असतं. पण त्यांनी नाव लपवलं ते माझ्यासाठी. मी त्यांना लपवलं तेही माझ्यासाठीच.

पुढच्या रविवारी सरांना निबंध दाखवायचा होता. ही पदवी मला का करायची आहे, असा. अर्जासोबत तो विद्यापीठाला जातो. मी त्यात आधीचा रविवारच लिहून काढला. सोफा, खिडकी, भोपाळ, खरं आडनाव, माझं हसणं, सगळं. बाबांना सोबत चला म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एकटीच गेले.

सरांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आधी सांगायचं ना,” ते म्हणाले. “तुला वेगळा सल्ला दिला असता.”

“कोणता, सर?”

“समाजकार्य घे. लवकर नोकरी लागते. हे विषय जड असतात, त्याला घरी वातावरण लागतं.”

मार्क तेच. मुलगी तीच. मध्ये फक्त आठ दिवस गेले होते.

मी निबंध त्यांच्यासमोरून उचलला. “मी त्या तिसऱ्या ठिकाणीच जाणार आहे,” म्हणाले. “ज्यांना विचार नको असतो म्हणालात, त्यांच्यातलीच मी एक आहे.” त्यांच्या उत्तरासाठी मी थांबले नाही.

निबंध इंग्रजीत होता. अर्ज पाठवण्याआधी मी तो दुकानात बसून बाबांना मराठीत वाचून दाखवला. हसल्याच्या ओळीवर आले तेव्हा ती गाळावीशी वाटली. गाळली नाही. बाबा मोटरची तार गुंडाळत ऐकत होते.

“हे असंच पाठवून राहिली का?”

“हो.”

“अच्छा,” म्हणाले आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले.

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी तिथल्या तिथे दिली असती. बाप आहेत ते. मी त्यावर समाधान मानून मोकळी झाले असते. मला मोकळं व्हायचं नाही.

प्रवेश मिळाला आहे, त्या तिसऱ्याच ठिकाणी. जुलैत निघते. पहिल्या दिवशी वर्गात उभी राहून खरं आडनाव सांगणार आहे, आणि माझे वडील गढ्यात कूलर दुरुस्त करतात हेही. कुणी विचारायची वाट बघणार नाही.