मोठीचे पाय आणि माझी कॉफी

तोंडावर मी तिला ताई म्हणते, मनात मोठी. माझी थोरली जाऊ. घराच्या पुढच्या खोलीत आमचं दोघींचं शिवणकाम चालतं. कापते मी, शिवते ती. आता तुम्हीच सांगा, कात्री चुकली तर शिवणारी काय डोंबल शिवणार? पण गिऱ्हाईक नवा शर्ट घालून आरशासमोर उभं राहतं आणि म्हणतं, "काय हात आहे हो तुमच्या जाऊबाईंचा!" मी आपली तिथेच, गळ्यात टेप अडकवून उभी.

त्यात तिचे ते पाय. संध्याकाळी दुकानाचं दार लावलं की शहाणी माणसं जरा टेकतात. मी टेकते. ही बया मात्र पुन्हा पायमशीनवर. खडखड, खडखड! उसवलेले पडदे, शेजारच्यांच्या उशांचे अभ्रे, हाताला लागेल ते शिवत बसायची. सासूबाई आतल्या खोलीतून मला ऐकवायच्या, "बघ तिचे पाय, कधी थांबत नाहीत." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. जेवायला बसली तरी टेबलाखाली हिची टाच हलतेच आहे. सिनेमाला नेली तर मध्यंतराच्या आधीच उठून मागे भिंतीशी जाऊन उभी. म्हटलं, किती तो देखावा! बाई कामसू आहे हे घराला कळलंय, आता थिएटरलाही कळू दे.

माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कॉफी. संध्याकाळी मी दाट, कडक कॉफी करायचे, सोबत चॉकलेटचा तुकडा, आणि दोन मग घेऊन तिच्या मशीनजवळ स्टूल ओढून बसायचे. पहिला घोट घेतला की ती म्हणायची, "धाकटे, अशी कॉफी मला जन्मात जमायची नाही." खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यावर माझा पुढचा अख्खा दिवस निघायचा.

मग तिच्या वाढदिवसाला भाऊजींनी तिच्या मशीनला मोटर बसवून दिली. "पाय मारून मारून दमतेस," म्हणाले, "आता नुसता अंगठा टेकव." मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे टाळ्या वाजवत होते! माझ्या वाढदिवसाला मला काय मिळालं होतं? कुकरची नवी शिट्टी. आणि एवढी मोटर मिळून हिचं तोंड मात्र एवढंसं. "छान आहे," म्हणाली, बस्स. नखरे मेले!

पण त्यानंतर तिचं काम बिनसत गेलं. संध्याकाळी मोटरवर बसायची आणि लगेच उठायची. खोलीभर येरझाऱ्या घालायची, पोटऱ्या चोळायची, ओलं फडकं पायांना गुंडाळायची. शाळेच्या गणवेशांचा ढीग पुढ्यात आणि हिने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. मला आतून गुदगुल्या झाल्या, नाही म्हणणार नाही. झोप नाही म्हणून सकाळी डोळे सुजलेले, मग तरतरी यावी म्हणून दिवसभर कॉफी मागायची. मी काठोकाठ भरून द्यायचे. मागतेय ना, माझ्याच हातची मागतेय!

एका संध्याकाळी तिने अर्धवट शिवलेली कॉलर बाजूला ठेवली. "धाकटे, मला आता बसवत नाही गं. हे गणवेश संपले की मी लेकीकडे जाते राहायला. दुकान तू सांभाळ."

इतकी वर्षं मनातल्या मनात हेच तर मागत होते! खिडकीजवळची जागा, आरसा, गिऱ्हाइकांचं कौतुक, सगळं माझं एकटीचं. मी नाचायला हवं होतं, तर मनात आलं भलतंच. मी कापलेलं शिवणार कोण? आणि दिवसभर मी जळायचं तरी कोणावर?

"बसवत नाही म्हणजे काय? दुखतंय का?"

"दुखत नाही. संध्याकाळ झाली की पायांत आतून काहीतरी वळवळायला लागतं. हलवल्याशिवाय जीव राहत नाही. मशीन मारली की शांत होतं. म्हणून तर बसायचे ना तासन्‌तास."

मी चाटच पडले. म्हणजे ते कामसूपण हे होतं होय! "मग भाऊजींना मोटर नको म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"एवढ्या हौसेने आणली त्यांनी. काय सांगू?"

दुसऱ्याच दिवशी तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, असे अस्वस्थ पाय पुष्कळांचे असतात. रक्त तपासलं तर लोह फार कमी निघालं. गोळ्या लिहून दिल्या, त्या कॉफीबरोबर घ्यायच्या नाहीत, नाहीतर लोह अंगी लागत नाही म्हणाल्या. सर्दीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही, काही गोळ्यांनी हे वाढतं. रोज थोडं चालायचं, झोपायच्या आधी पोटऱ्या ताणायच्या, गरम पाण्याने शेकायच्या. मग त्यांनी विचारलं, "संध्याकाळी काय खाता-पिता?"

मोठीच्या आधी मीच मान ताठ करून सांगितलं, "माझ्या हातची कॉफी. कडक. वर चॉकलेट."

"ते दोन्ही दुपारनंतर बंद करून बघा," बाई म्हणाल्या. "काहींचे पाय त्यानेच जास्त बिथरतात."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बाहेर रस्त्यावर आल्या आल्या मी तोंड सोडलं. "झालं! शिवणार तुम्ही, नाव होणार तुमचं, मोटर येणार तुम्हाला, आणि खापर फुटणार ते माझ्या कॉफीवर!"

मोठी चालता चालता म्हणाली, "मला ठाऊक होतं. तू माहेरी गेलीस की मी कॉफी पीत नाही. त्या दिवसांत पाय निम्मे शांत असतात."

"मग मी असताना का ढोसत होतात? ओतून द्यायची होती मोरीत!"

"दिवसभर तू माझ्याशी मापंच बोलतेस. छाती एवढी, बाही तेवढी. कॉफी असली की तेवढ्यापुरती स्टूल ओढून जवळ बसायचीस. माझा मग रिकामा झाला की लगेच उठायचीस. म्हणून मी आपली सावकाश प्यायचे."

तिच्या हातातली पिशवी मी माझ्याकडे घेतली. हे फार क्वचित होतं, आमच्या ह्यांना विचारा.

घरी आल्यावर मी स्क्रूड्रायव्हर शोधला, तिची मोटर काढली आणि खालच्या चाकाचा पट्टा पुन्हा चढवून दिला. मोटर मी बटणांची काजं करते त्या माझ्या जुन्या मशीनला लावून घेतली, ती मी सोडणार नव्हतेच. भाऊजी काहीतरी बोलायला आले, त्यांना म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका. "लेकीकडे जायचं बघू," मोठी म्हणाली, "पाय काय म्हणतात त्यावर."

संध्याकाळी ती मशीनवर बसली. स्वयंपाकघरात सवयीने माझा हात कॉफीच्या डब्याकडे गेला, मी झाकण पुन्हा घट्ट लावलं. तशीच बाहेर आले, स्टूल ओढलं आणि रिकाम्या हातांनी तिच्याजवळ बसले. हातांचं काय करावं तेच कळेना. खडखड सुरू झाली.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "बघ तिचे पाय!"

"बघतेय," मी ओरडले. "जवळच बसलेय."